तीन फ्रेमांचं बिल

१

सकाळच्या टपालात करखात्याची नोटीस आली आणि फोटोवालीच्या तोंडचं पाणी पळालं.

गल्लीतले सगळे तिला फोटोवालीच म्हणायचे. ती कुणाच्या नोकरीत नव्हती. कामं मिळवायची, फोटो काढायची, निवडलेल्या फोटोंच्या फाइल्स नेटवरून गिऱ्हाइकाला पाठवायची आणि मागोमाग बिल करायची. लोकांना वाटतं या धंद्यात अवघड काम फोटोचं. छे! फोटो एक वेळ चुकला तर पुन्हा काढता येतो. बिल चुकलं की सरकार दारात उभं राहतं.

राज्याचा नियमच तसा होता. गिऱ्हाइकाच्या हातात अल्बम, प्रिंट, पेन ड्राइव्ह अशी कुठलीही वस्तू ठेवली, तर पूर्ण बिलावर विक्रीकर. नुसत्या वस्तूवर नव्हे, तर मेहनतीवर, जाण्यायेण्यावर, सगळ्यावर. नुसत्या फाइल्स पाठवल्या तर कर नाही. मात्र मग बिलावर लिहायचं, 'फाइल्स फक्त नेटवरून पाठवल्या, कोणतीही वस्तू दिलेली नाही', खाली सही करायची आणि त्याची कागदी प्रत गिऱ्हाइकाला पोचवायची. हे वाक्य खोटं निघालं तर धंद्याची नोंदणी रद्द होऊ शकते. फोटोवालीने हा नियम पाठ केला होता आणि एक सोपा मार्ग काढला होता. ती कुणालाही कसलीही वस्तू देतच नसे.

नोटिशीत नेमकं उलटं लिहिलं होतं. दातांचे डॉक्टर, पियानो शिकवणाऱ्या बाई आणि चष्म्याचं दुकान, या तिन्ही गिऱ्हाइकांच्या बिलांवर ते वाक्य आहे, आणि तिघांच्याही भिंतीवर फोटोवालीने काढलेला एकेक फोटो फ्रेम करून लटकतो आहे. फ्रेम बिलाबरोबरच आली असं तिघांनीही सांगितलं. बाकीच्या गिऱ्हाइकांना फोनवर विचारलं असता, आपल्याला काही मिळालेलं नाही असं त्यांनी सांगितलं. गुरुवारी कार्यालयात येऊन खुलासा करावा.

त्याच आठवड्यात ती संग्रहालयाच्या करारावर सही करणार होती. वर्षभराचं काम होतं ते, जुन्या मूर्ती, नाणी, भांडी एकेक करून टिपायचं. आणि करारात पहिलीच अट होती चालू नोंदणीची. नोंदणी गेली की संग्रहालय गेलं, आणि संग्रहालय गेलं की पुन्हा कुणाच्या तरी स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला बसायचं.

"काय झालं?" स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी विचारलं. त्या हात पुसत होत्या.

"करखात्याची नोटीस आलीय, आई. कुणीतरी माझ्या नावाने लोकांना फ्रेमा वाटल्यात. त्याबद्दल माझी नोंदणी जाणार म्हणे."

"तरी मी म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. दूध उतू गेलं तरी आणि भाव वाढले तरी त्या आधीपासून म्हणतच असायच्या. पण काय म्हणत होत्या ते या वेळी त्यांनी सांगितलं नाही. त्या आत निघून गेल्या आणि दुपारी अर्ध्या जेवणावरून उठल्या. सून समजली, राग आलाय. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिच्या कामाबद्दल एकच मत होतं आणि ते सासूबाईंचं होतं. 'दुसऱ्यांचे चेहरे टिपून कुणाचं भलं झालंय?'

तिने नोटीस पुन्हा वाचली. अगदी तळाशी पेनाने एक ओळ लिहिलेली होती. 'तिन्ही फ्रेमांच्या मागे आपला रबरी शिक्का आहे.'

तिने टेबलाचा खण उघडला. शिक्का जागच्या जागी होता, शाईच्या पॅडवर पालथा पडलेला.

२

नवरा कामानिमित्त दुसऱ्या शहरात असायचा. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामाला बोलव."

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. करखात्यात बिलं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नव्हती. हॉटेलात गेले तरी जेवणाआधी बिल मागायचे. त्यांची तपासाची पद्धत अशी की एक प्रश्न विचारायचा आणि डोळे मिटायचे. समोरच्याला वाटायचं म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग तो मोकळेपणाने बोलायचा.

"सूनबाई, तू फ्रेमा दिल्या नाहीस हे मी गृहीत धरतो," मामा खुर्चीत बसत म्हणाले. "आता सांग, तुझ्या या खोलीत येतं कोण?"

"मी. आई येतात झाडायला. नवरा येतो आठवड्याच्या शेवटी, पण तो फक्त झोपायला येतो. आणि माझा जुना भागीदार. आम्ही वेगळे झालो तरी त्याचे दिव्यांचे स्टँड इथेच पडलेत. किल्ली आहे त्याच्याकडे."

"भांडून वेगळे झालात?"

"तोंडदेखलं हसून."

"म्हणजे भांडून. आणखी?"

"लॅबवाला. त्याच्याकडे मी पूर्वी प्रिंट करायची, फ्रेमाही त्याच्याचकडून घ्यायची. सगळं बंद केल्यापासून तो जरा फुगलाय. पण माझी रद्दी तोच नेतो, पार्सलं गुंडाळायला."

"आणि बिलाची पाकिटं टपालात कोण टाकतं?"

"ती मी दाराजवळच्या टोपलीत ठेवते. जो बाहेर जाईल तो तिकीट लावून पेटीत टाकतो. भागीदारसुद्धा टाकतो कधी कधी."

सासूबाई चहाचे कप ठेवून गेल्या. भावाकडेही त्यांनी पाहिलं नाही. मामांनी डोळे मिटले. फोटोवाली उगाचच कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत बसली.

"संग्रहालयाच्या कामासाठी आणखी कुणी अर्ज केला होता?" डोळे न उघडताच मामांनी विचारलं.

फोटोवालीचा हात थांबला. "भागीदाराने. माझा अर्ज बाद झाला तर काम त्यालाच मिळणार."

३

दातांच्या डॉक्टरांकडे नेहमीसारखी गर्दी होती आणि नेहमीसारखं कुणीच हसत नव्हतं. फ्रेम बसायच्या जागेच्या बरोबर समोर होती. साधी काळी पट्टी, आत हाताएवढा फोटो, त्यात रुग्णाची खुर्ची, वर गोल दिवा आणि डॉक्टर हातमोजे चढवताहेत.

फोटोवालीने तो पाहिला आणि तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"हा मी दिलेल्या फाइल्समधला नाहीच! मामा, हा बाद केलेला आहे. रंग बघा, हिरवट मारतोय. मी पहिली ट्रायल हलक्या कागदावर घरीच काढते ना, ती आहे ही."

"फाइल्स पाठवायच्या असताना कागदावर कशाला काढतेस?"

"पडद्यावर डोळा फसतो. कागदावर सगळे दोष दिसतात. बघून झालं की कचऱ्याच्या टोपलीत फेकते."

"मग यात काय दोष होता?"

"तो दिवा बघा. चकचकीत आहे ना, त्यात मी आलेय कॅमेऱ्यासकट. असला फोटो कुणी गिऱ्हाइकाला देतं का? आणि तो इथे लावलाय, सगळ्या गावासमोर! माझी अब्रू गेली."

काउंटरवरची बाई पुढे आली. म्हणाली, काही महिन्यांपूर्वी मी सकाळी दार उघडायला आले तर कडीला कापडी पिशवी अडकवलेली. आत बिल आणि फ्रेम. डॉक्टरांना फोटो फार आवडला. रुग्णांनाही आवडतो, भीती जरा कमी होते म्हणतात.

"पाकीट आहे का बिलाचं?" मामांनी विचारलं. तिने फायलीतून काढून दाखवलं. त्यावर टपालाचा छाप नव्हता, तिकीटही नव्हतं.

"आणि करखात्यात ही तक्रार कुणी केली, काही कल्पना?"

बाईने तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. "तक्रार कसली! तो अधिकारी आमचाच पेशंट. दाढ दुखत होती म्हणून आला होता. बसल्या बसल्या भिंतीकडे बघत होता, मग उठून फ्रेम उलटी करून बघितली. गाल सुजलेला असतानाही मला विचारतो, हिचं बिल दाखवा."

बाहेर पडल्यावर फोटोवाली म्हणाली, "म्हणजे भागीदाराने चुगली केली नाही?"

"कुणीच केली नाही. माणसाची दाढ दुखते आणि तुझी नोंदणी धोक्यात येते. आमचं खातं असंच चालतं," मामा म्हणाले. त्यांना आपल्या खात्याचा अभिमानही वाटला असावा.

पियानोवाल्या बाईंकडे आणि चष्म्याच्या दुकानात तेच झालं. तीच काळी पट्टी, तोच हिरवट रंग, पाकिटावर तिकीट नाही, सकाळी दाराला अडकवलेली पिशवी. पियानोवाल्या बाईंच्या फोटोत पियानोचं काळं झाकण आरशासारखं चमकत होतं. "इथेही मी घुसलेय," फोटोवाली वैतागून म्हणाली. चष्म्याच्या दुकानात तर गिऱ्हाइकासमोरच्या आरशातच ती एका गुडघ्यावर बसलेली दिसत होती, एक डोळा मिटून, केस कपाळावर आलेले.

"सगळं गचाळ तेवढं निवडून काढलंय. माझ्या वाईटावर आहे कुणीतरी," ती म्हणाली.

मामा मात्र त्या तिसऱ्या फोटोसमोरून हलायला तयार नव्हते. दुकानदाराने त्यांना नंबर तपासायचा आहे असं समजून खुर्ची दिली.

४

लॅबवाला काउंटरमागे फोटोची कड कापत होता. फोटोवालीला पाहून त्याने हातातलं काम जरा जास्तच मन लावून करायला घेतलं.

"आज कशी आठवण झाली? आता काय, सगळं नेटवरून. आम्ही काय, म्हातारी माणसं, कागदवाले."

मामांनी मागून आणलेली दवाखान्याची फ्रेम पुढे ठेवली. लॅबवाल्याने ती उचलली, फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला.

"ही प्रिंट कुणी काढली? हिरवीगार! काकडी आहे का ही? माझ्या दुकानातून अशी प्रिंट बाहेर पडली तर मी शटर खाली ओढेन."

"आणि फ्रेम?"

"फ्रेम माझी आहे. पट्टी माझी, खिळे माझे. तीन विकल्या, रिकाम्या. आत काय घालणार ते सांगितलं असतं तर विकल्याच नसत्या."

"कुणी नेल्या?" फोटोवालीने घाईघाईने विचारलं.

लॅबवाल्याने फ्रेम खाली ठेवली. "ते नाही सांगणार. शब्द दिलाय. शब्द म्हणजे शब्द."

"माझी नोंदणी जाईल हो!"

तो घुटमळला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण तो काही केल्या ताकास तूर लागू देईना. शेवटी एवढंच म्हणाला, "माणूस वाईट नाही. मी भाव सांगितला, तेवढे पैसे मोजून ठेवले. घासाघीस नाही, काही नाही. वर म्हणे, काच नीट पुसून द्या."

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. घासाघीस नाही हे ऐकून ते का नाराज झाले, फोटोवालीला कळेना.

तिथून ते भागीदाराकडे गेले. तो गाडी पुसत होता. नोटिशीचं ऐकून त्याने कानांवर हात ठेवले.

"माझा काही संबंध नाही. तुझ्या टोपलीतली पाकिटं मी दोनदा पेटीत टाकली असतील, तीही लांबच्या गिऱ्हाइकांची, तिकिटं लावून." मग जरा थांबून म्हणाला, "खरं सांगू? तुझं काम गेलं तर मला मिळेल, हे माझ्याही डोक्यात येऊन गेलं आत्ता. पण ते आत्ता आलं. आधी आलं असतं तर मी काय तुझे बाद फोटो वाटत बसलो असतो?"

फोटोवालीचा त्याच्यावर विश्वास बसला, आणि त्याने तिची चिंता आणखी वाढली. कारण आता संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

घराच्या जिन्यावर मामा थांबले. "सूनबाई, उद्या गुरुवार. आज संध्याकाळी मी सांगतो कोण ते. पण ऐकून तू आरडाओरडा करायचा नाहीस, हे आधी कबूल कर."

५

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मामांनी तिन्ही फ्रेमा ओळीने मांडल्या. गिऱ्हाइकांनी त्या उसन्या दिल्या होत्या, परत आणून द्यायच्या अटीवर. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज येत होता.

"आधी लॅबवाला बघू," मामा म्हणाले. "त्याला ही प्रिंट नुसती बघवत नाही. तो ती आपल्या फ्रेममध्ये घालून गावभर लावणार नाही. गेला तो. मग भागीदार. त्याला तुला अडकवायचं असतं तर फ्रेमा लावून झाल्यावर त्याने लगेच खात्याला कळवलं असतं. सापळा लावणारा माणूस उंदीर पडायची वाट बघत महिनोन्महिने गप्प बसत नाही. अधिकारी आला तो दाढेमुळे. म्हणजे हा सापळा नव्हताच. तोही गेला."

"मग?"

"तुझी गिऱ्हाइकं बरीच, पण फ्रेम तिघांनाच. तिघंही इथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यांच्या पाकिटांवर तिकीटही नाही. म्हणजे तुझ्या टोपलीतली जवळची पाकिटं कुणीतरी पायीच पोचवतं. सकाळी लवकर, दारं उघडायच्या आत. भागीदार गाडीशिवाय कोपऱ्यापर्यंत जात नाही."

"कितीतरी लोक सकाळी चालायला जातात, मामा."

"जातात. पण त्या लोकांच्या हातात तुझी कचऱ्यातली रद्दी नसते आणि तुझ्या खणातला शिक्का नसतो." मामांनी आवाज खाली आणला. "आता मुख्य मुद्दा. तू म्हणालीस, सगळं गचाळ तेवढं निवडून काढलंय. बरोबर. तू रोज ढीगभर प्रिंट फेकतेस. कुठल्यात रंग बिघडतो, कुठल्यात कुणाचे डोळे मिटतात. त्या ढिगातून हे तीनच का? या तिन्हींत सारखं काय आहे?"

फोटोवालीने दिवा पाहिला, झाकण पाहिलं, आरसा पाहिला. "तिन्हीत मी आहे."

"तुला तो दोष वाटतो. निवडणाऱ्याला वाटला नाही. त्या माणसाला डॉक्टर दिसतच नव्हता. पियानो दिसत नव्हता. त्याला काम करत असलेली तू दिसत होतीस. वाईटावर असलेला माणूस असा निवडत नाही, सूनबाई. मला हे चष्म्याच्या दुकानातच कळलं होतं. पण लॅबवाला म्हणाला की घासाघीस केली नाही, आणि तिथे मी फसलो. म्हटलं, मग ती नसणार. माझी ताई सुई घेतानासुद्धा दुकानदाराला रडवते."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

सासूबाई दारात आल्या. "तिच्या वस्तूसाठी काय घासाघीस करायची?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच चढा होता, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललं होतं.

"आई, तुम्ही?"

"मग काय करायचं? टोपली रिकामी करायला गेले तर तू दिसलीस. कचऱ्यात! दुसऱ्या दिवशी पुन्हा. सगळ्या जगाचे फोटो काढतेस, या घरात तुझा एक फोटो नाही. लग्नातलासुद्धा हललेला. लोक भिंतीकडे बघून वा वा म्हणतात, काढला कुणी ते कुणी विचारत नाही. म्हटलं, दिसू दे. आणि बिलाबरोबर नुसता कागद काय पाठवायचा? पैसे घेतो आपण त्यांच्याकडून. काहीतरी हातात नको का त्यांच्या?"

"आणि शिक्का?"

"मागे नाव नको का? सरळ मारलाय. दोन वेळा रद्दीवर मारून बघितला आधी."

फोटोवालीला आरडाओरडा न करण्याचं कबूल केलेलं आठवलं, पण आरडाओरडा येतच नव्हता. "तुम्ही कधी तसं म्हणाला नाहीत. कामाबद्दल एक चांगला शब्द नाही इतक्या वर्षांत."

"तोंडावर काय बोलायचं? डोक्यात हवा गेली असती," सासूबाई म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि एकदम लहान दिसायला लागल्या. "मला काय ठाऊक असला नियम असतो ते. भेट दिली म्हणून कुणी दंड करतं? नोटीस आली तेव्हापासून घास उतरत नाहीये मला. काय ते कर रे बाबा, हिचं काम वाचव."

मामांनी खिशातून कागद काढला. मजकूर त्यांनी दुपारीच लिहून ठेवला होता. धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाने स्वतःहून दिलेली भेट विक्रीत धरत नाहीत, असं पोटकलम होतं. ताईने फक्त लिहून द्यायचं की 'माझा माझ्या सुनेच्या व्यवसायाशी काहीही संबंध नाही. फ्रेमा मी माझ्या मर्जीने दिल्या.' अधिकाऱ्यासमोर सही केली की प्रकरण मिटलं. कर नाही, दंड नाही, नोंदणी जागच्या जागी.

"आणि दुसरा मार्ग?" फोटोवालीने विचारलं.

"चूक कबूल करायची. तिन्ही बिलांवर कर आणि वर दंड. बहुधा नोंदणी वाचते. पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. बहुधाच्या भरवशावर संग्रहालय लावू नकोस."

ते वाक्य वाचून फोटोवालीला कसंसंच झालं. पण तिने होकारार्थी मान हलवली. सासूबाईंनीही हलवली.

६

अधिकाऱ्याची दाढ आता बरी असावी. तो नीट बोलत होता आणि मामांना पाहून उभाही राहिला. त्याने कागद वाचला, कलम तपासलं.

"ठीक आहे. यांनी सही केली की मी प्रकरण बंद करतो."

सासूबाईंनी चष्मा लावला. कागद हातात घेतला आणि ओठ हलवत वाचायला लागल्या. त्या इतका वेळ वाचत होत्या की मामा खाकरले.

"यात लिहिलंय, माझा काही संबंध नाही."

"हो. तुम्ही फक्त खाली सही करा."

"आणि नाही केली तर?"

"तर फ्रेमा यांच्या वतीने दिल्या असं धरावं लागेल. कर आणि दंड होईल. नोंदणीचं मग मी ठरवणार."

सासूबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि अलगद त्याच्याकडे सरकवला.

"साहेब, हिची बिलं मी पोचवते. जवळची सगळी. हिच्या खोलीतला केर मी काढते. ही कामावर असली की गिऱ्हाइकाचा फोन मी घेते, निरोप लिहून ठेवते. काल रात्री आठवत बसले होते, तर काम संपेचना. संबंध नाही असं कसं लिहून देऊ? सरकारी कागद आहे हा."

मामांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ताई, अगं..."

"तू गप्प बस."

अधिकारी फोटोवालीकडे वळला. "तुमचं काय म्हणणं आहे?"

अजूनही सगळं हातात होतं. 'त्यांना नियम कळत नाहीत, साहेब, त्यांचा खरंच काही संबंध नाही', एवढं बोललं की झालं. सासूबाई समोर भिंतीकडे बघत होत्या. त्या रागावल्या नसत्या. त्यांनी ते ऐकून घेतलं असतं आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्या असत्या. नेमकं तेच फोटोवालीला सहन होईना.

"त्या म्हणतात ते खरं आहे," ती म्हणाली. "फ्रेमा आमच्याकडूनच गेल्या. मी तिन्ही बिलं नव्याने करते, फ्रेमेची किंमत धरून. कर मी भरते. गिऱ्हाइकाकडून नाही मागणार, माझ्याकडून भरते."

नव्या लेन्ससाठी साठवलेले पैसे त्यात जाणार होते. हे तिला बोलता बोलताच कळलं आणि तिने वाक्य तरीही पूर्ण केलं.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मामांनी लिहिलेला कागद त्याने पुन्हा एकदा वाचला. मग त्याने तो दुमडून मामांना परत दिला.

"खोटं लिहून सुटणारे इथे रोज येतात," तो म्हणाला. "सुटायची सोय असताना खरं बोलून कर भरणारं कुणी मी अजून पाहिलं नव्हतं. चूक आपणहून दुरुस्त केली अशी नोंद करतो. दंड कमीत कमी लावतो. नोंदणी चालू राहील."

मामांनी डोळे मिटले, आणि या वेळी ते खरोखरच दमलेले होते.

"फक्त एक राहिलं," अधिकारी खणातून एक छापील अर्ज काढत म्हणाला. "धंद्यात कुणी मदतनीस असेल तर त्याची नोंद लागते. यांचं नाव घालावं लागेल." त्याने सासूबाईंना पूर्ण नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. "नातं?"

"सासू."

"आणि कामाचं स्वरूप?"

"बिलं पोचवते," सासूबाई म्हणाल्या. "केर काढते म्हणून लिहू नका, बरं दिसत नाही."

"तसं नाही, साहेब," फोटोवाली म्हणाली. "फोटो निवडतात, असं लिहा."

सासूबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. अधिकाऱ्याने रकान्यात लिहिलं आणि अर्ज फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेन मागून घेतलं आणि या कागदावर मात्र सही केली, पूर्ण नावाची, सावकाश.